जिल्हा परिषद, नगरपरिषदेच्या नोकरीत मेडिकल रजा टाकताना या चुका टाळा

आमच्याकडच्या एका सफाई कामगार मावशींना टायफॉइड झाला. डॉक्टरांनी ५ ते १४ तारखेपर्यंत विश्रांती लिहून दिली. अंगात ताकद नव्हती म्हणून त्या १७ ला हजर झाल्या, फिटनेस सर्टिफिकेटही (कामावर यायला तब्येत ठीक असल्याचा दाखला) १७ चंच आणलं. मधल्या १५ आणि १६ तारखेला कागदच नव्हता, ते दोन दिवस विनापगारी गेले. मी तेव्हा आस्थापना शाखेत, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या रजा आणि नोंदी बघणाऱ्या शाखेत होते. फाईलवर शेरा मीच लिहिला, आजही ते मनाला लागतं. बरं वाटत नसेल तर मुदत संपायच्या आतच वाढीव सर्टिफिकेट घ्या आणि रजा वाढवण्याचा अर्ज द्या.

दुसरी चूक, 'मुकादमाला सांगितलं होतं'. तोंडी निरोप कुठेच नोंदला जात नाही. घरच्यांकडून अर्ज पाठवा, आवक-जावकला, म्हणजे कार्यालयात टपाल नोंदवतात तिथे, शिक्का मारून पोच घ्या. ती पोच जपून ठेवा.

काहीजण हजर व्हायच्या दिवशी आजारपणाचं आणि फिटनेसचं, अशी दोन्ही सर्टिफिकेटं एकदम लिहून आणतात. तीच शाई, तीच तारीख. मग साहेबांना शंका येते. सर्टिफिकेट दिलं म्हणजे रजा मंजूर झालीच, असंही नसतं. शंका आली तर जिल्हा शल्यचिकित्सकांकडे तपासणीला पाठवता येतं. पाठवलं तर जाऊन या. न जाण्यानेच प्रकरण चिघळतं. डॉक्टर नोंदणीकृत हवेत आणि शिक्क्यावरचा नोंदणी क्रमांक वाचता आला पाहिजे. मेडिकलवर असाल तर फिटनेस दिल्याशिवाय हजेरीपटावर सही करू नका.

आता हिशेब, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. जिल्हा परिषदेत महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ लागतात, नगरपरिषदांतही हिशेब साधारण त्याच धर्तीवर होतो. महानगरपालिकांचे मात्र स्वतःचे सेवानियम असतात, ते आधी विचारा. वर्षाला २० दिवस अर्धपगारी रजा जमा होते, १ जानेवारीला १० आणि १ जुलैला १०. मेडिकलवर पूर्ण पगार हवा असेल तर ती परिवर्तित, म्हणजे पूर्ण पगारी रजेत बदलून घ्यावी लागते, आणि मग दुप्पट दिवस वजा होतात. म्हणजे १० दिवस घरी राहिलात तर खात्यातून २० गेले, वर्षभराची जमा संपली. 'माझी वीस दिवस मेडिकल शिल्लक आहे' असं म्हणणाऱ्याला पूर्ण पगाराचे दहाच दिवस मिळतात. खात्यात काहीच उरलं नसेल तर असाधारण रजा, म्हणजे बिनपगारी. म्हणून अर्जात नुसतं 'मेडिकल रजा' लिहू नका. अर्जित (कमावलेली पूर्ण पगारी रजा), अर्धपगारी की परिवर्तित, ते स्पष्ट लिहा. अर्जित रजा आजारपणातही घेता येते.

रजेचा आदेश निघाला की आठवड्याभरात आस्थापनेत जाऊन सेवापुस्तकातलं रजेचं पान उघडून घ्या. 'पासून' आणि 'पर्यंत'च्या तारखा आपल्या सर्टिफिकेटशी बोट ठेवून जुळवा. चूक दिसली तर दुरुस्तीचा अर्ज त्याच दिवशी द्या, आणि त्याचीही पोच घ्या.