तालुका लीगची खर्चमर्यादा आणि तिकिटाचा दर कसा ठरवावा

रब्बीची सुगी उरकली की मराठवाड्यात टेनिस बॉल क्रिकेटच्या लिलाव लीग सुरू होतात आणि बहुतेक संयोजन समित्या एकच चूक करतात. खेळाडूंवरच्या खर्चाला मर्यादा घातली की तिकीट आपोआप स्वस्त होईल, असे त्या गृहीत धरतात. आमच्याही समितीने तसेच धरले होते.

बर्फावरच्या हॉकीची अमेरिका-कॅनडातील नॅशनल हॉकी लीग येथे पाहण्यासारखी आहे. वेतनमर्यादेच्या वादात तिचा २००४-०५ चा संपूर्ण हंगाम बुडाला. पुढच्या हंगामात प्रत्येक संघाला ३.९ कोटी डॉलरची मर्यादा लागू झाली आणि २०२५-२६ साठी ती ९.५५ कोटींवर गेली. ही मर्यादा लीगच्या उत्पन्नावरूनच काढली जात असल्याने तिकीट महागले की उत्पन्न वाढते आणि त्यामागे मर्यादाही वाढते. तिकिटाचा दर मात्र मागणी ठरवते. टोरोंटोचा प्रेक्षक लीगमधील सर्वांत महाग तिकिटांपैकी एक घेतो, पण त्याच्या संघाला १९६७ नंतर स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचे विजेतेपद, मिळालेला नाही, आणि त्याने भरलेला पैसा मर्यादेपलीकडे त्याच्याच संघावर खर्च करता येत नाही. त्याची तक्रार मला रास्त वाटते.

म्हणून प्रथम मर्यादा काढावी. गेल्या वर्षीचे प्रत्यक्ष उत्पन्न पावतीपुस्तकांवरून मोजावे, पुढाऱ्यांनी व्यासपीठावर जाहीर केलेले आकडे त्यात धरू नयेत (ते पुढच्या वर्षीही जाहीरच होतात). समजा उत्पन्न ८ लाख रुपये असून निम्मा वाटा खेळाडूंचा ठरला, तर आठ संघांत प्रत्येकी सरासरी ५०,००० येतात. वर उल्लेख केलेल्या लीगने २०१३ च्या करारात मर्यादा सरासरीच्या १५ टक्के वर आणि किमान खर्च १५ टक्के खाली ठेवला; त्याच हिशेबाने आपली मर्यादा ५७,५०० आणि किमान खर्च ४२,५०० होतो. किमान खर्च विसरू नये, कारण मर्यादेमुळे वाचलेला पैसा खिशात घालून कमकुवत संघ उतरवणारा मालकही प्रेक्षकांना तितकाच फसवतो. खेळाडूंच्या रकमेतील दहावा हिस्सा शेवटच्या हिशेबापर्यंत राखून ठेवावा, म्हणजे उत्पन्न कमी भरले तर भांडण न होता तोच कापता येतो.

लिलावाबाहेरची देणगी हीच खरी पळवाट असते. एका वर्षी तालुक्याच्या गावातील संघाने कागदावर मर्यादा पाळली, पण त्यांचा सलामीवीर दुसऱ्या सामन्याला नव्या मोटारसायकलवर आला. हँडलला लिंबू-मिरची होती आणि नंबरप्लेट अजून लागायची होती. वस्तू, नोकरी, प्रवासभाडे या सगळ्यांची किंमत मर्यादेत मोजली जाईल, असे त्यानंतर आम्ही करारातच लिहिले.

तिकिटाचा दर मात्र लिलावाच्या आधी, पूर्ण हंगामासाठी आणि बैठकीच्या जागेनुसार ठरवावा. तालुक्याच्या गावाच्या सामन्याला गर्दी लोटते म्हणून आम्ही ३० रुपयांचे तिकीट आयत्या वेळी ५० केले होते. गल्ला भरला, पण संपूर्ण लीगचा खर्च ज्याच्या खिशातून निघतो त्याच प्रेक्षकाला आम्ही दोनदा कापले, एकदा खिडकीवर आणि एकदा त्याच्या संघाचे हात बांधून. मर्यादा सैल करणे हा त्यावरचा उपाय नाही, कारण मग लहान गावांचे संघ नोंदणीच करत नाहीत आणि सामने एकतर्फी होतात. दर गोठवावा, गर्दीच्या सामन्यांतून आलेल्या जादा उत्पन्नाचा ठरलेला भाग त्याच प्रेक्षकांच्या सावलीच्या मंडपावर आणि पाण्याच्या टाकीवर खर्च करावा, आणि उरलेला भाग लहान संघांना द्यावा. ही वाटणी तिकीट खिडकीशेजारच्या पत्र्यावर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्यावी; आमच्याकडे ती पाहिल्यावर पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मंडपाचा खर्च जास्त लावला आहे, असे हिशेब करून दाखवले, आणि तो खरोखरच जास्त लागला होता.