मोंढ्यातल्या व्यापाऱ्यांसाठी सायबर सुरक्षेची संस्था चालवायचीय? असं करा

1860 च्या सोसायटी कायद्याखाली नोंदणीला किमान 7 सभासद लागतात, त्यात आडत्या, लातूरचा डाळमिलवाला, जालन्याचा स्टीलवाला असे लोक घ्याच, सगळे कॉम्प्युटरवालेच भरले तर मोंढ्यात कुणी ऐकून घेत नाही. कागदपत्रांचं सीए बघतो.

खरं काम मुनीमजींपाशी आहे, कारण पैसे तेच पाठवतात. त्यांना एक सवय लावा, पार्टीचं बँक खातं बदललं असा मेल किंवा व्हॉट्सॲप आला की आपल्याकडं आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचारायचं आणि मगच पैसे सोडायचे, मालक कितीही घाई करो. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप रोज वेगळ्या हार्डडिस्कवर घ्यायचा अन् डिस्क काढून ठेवायची, लावूनच ठेवली तर रॅन्समवेअर, म्हणजे फायली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस, तिलाही लॉक करतं.

पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, सोबत बँकेलाही कळवायचं.

अध्यक्षानं एक गोष्ट जिवापाड जपावी, ज्याची फसवणूक झाली त्याचं नाव बैठकीत घ्यायचं नाही. बाजारात पत जाईल या भीतीनं लोक गप्प बसतात, एकदा नाव फुटलं की पुढचा माणूस येतच नाही.

मीटिंग सौदे संपल्यावर ठेवा, सोयाबीनची आवक चालू असताना तर नकोच.