आई-बाबा दोघेच घरी? इमर्जन्सी बटण बसवताना या चुका टाळा

"दोघं आहेत की एकमेकांना" या भरवशावर घरात दाबताच ठरलेल्या नंबरांवर फोन लावणारं एकच बटण घेतलं जातं आणि ते बहुधा बाबांच्या गळ्यात पडतं, कारण बायपास त्यांची झालेली असते. पडते मात्र आई, आणि बाबा हॉलमध्ये टीव्ही मोठ्याने लावून बसलेले. रात्री तर कानाचं मशीन काढून ठेवलेलं असतं, मग हाक ऐकू जाणार कशी? गेलीच, तर पंचाहत्तरीचा माणूस तिला उचलायला वाकतो आणि स्वतःही कोसळतो. म्हणून दोघांना दोन बटणं घ्या. आधी बटण दाबायचं, उचलायला जायचं नाही, हेही दोघांना बजावून ठेवा.

दार उघडणार कोण?

मुंबईत सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. बटण वाजतं, शेजारच्या वहिनी किल्ली घेऊन धावतात, लॅच उघडतो, पण दार हलत नाही. आतून कडी लावलेली असते! चोरांच्या भीतीने रात्री सेफ्टी डोअरलाही कडी, मुख्य दारालाही कडी. या कड्या काढून बाहेरून किल्लीने उघडतील अशी कुलुपं बसवून घ्या. बाथरूमची कडीही तशीच बदला. एक किल्ली शेजारी द्या. आई-बाबांना हे पटायला वेळ लागतो, पण तिथे माघार घेऊ नका.

संपर्काच्या यादीतही हीच गफलत होते. पहिला नंबर बंगळुरूच्या मुलाचा, दुसरा न्यू जर्सीच्या मुलीचा, तिसरा जावयाचा, जो त्या वेळी विरार लोकलमध्ये उभा असतो. पहिला नंबर पाच मिनिटांत दारात पोचणाऱ्याचा हवा, दुसरा वॉचमनच्या केबिनचा. आणि बंगळुरूहून ११२ लावलात तर फोन कर्नाटकाच्या कंट्रोल रूमला जातो. परदेशातून तर तो मुंबईला लागतच नाही. १०८ ची अॅम्ब्युलन्सही जिथल्या तिथेच बोलवावी लागते. तेव्हा जवळच्या हॉस्पिटलचा आणि पोलीस ठाण्याचा ०२२ ने सुरू होणारा नंबर आजच फोनमध्ये घालून ठेवा. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन चांगली आहे, पण ती सल्ला आणि मदतीसाठी आहे, पडल्या-झडल्याच्या वेळची नाही.

जीपीएस इमारत दाखवेल, विंग आणि मजला नाही. विंग, मजला, जवळची खूण आणि लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं का, एवढं कागदावर लिहून वॉचमनकडे द्या.

बटण दाबलं, पण फोन आलाच नाही

आधी बटणातलं सिम बघा. स्वस्तातली बरीच बटणं २जीवर चालतात आणि जिओचं नेटवर्क ४जी-५जीचं आहे. त्यात जिओचं सिम घातलं तर बटण मुकंच राहणार. रिचार्जची मुदत संपली तरी तेच होतं, कारण त्या सिमकडे कुणाचं लक्ष नसतं. तारीख स्वतःच्या फोनमध्ये रिमाइंडर लावून ठेवा. वाय-फायवर चालणारं असेल तर राउटरला छोटा यूपीएस जोडा. १२ ऑक्टोबर २०२० ला अख्ख्या मुंबईची वीज गेली होती, हे विसरू नका.

मग स्वतःचा फोन तपासा. बॅटरी वाचवणारं सेटिंग बटणाच्या अॅपला झोपवून टाकतं आणि रात्री डू नॉट डिस्टर्ब चालू असतं. दोन्हीकडे या अॅपला सूट द्या.

अंघोळ आणि घड्याळ

पेंडंट, म्हणजे गळ्यातलं बटण, अंघोळीला जाताना खुंटीवर जातं आणि माणूस घसरतो बाथरूममध्येच. बटण पाण्यात चालणारं घ्या. भिंतीवरचं बटण बसवत असाल तर ते फरशीवर आडव्या पडलेल्या माणसाच्या हाताला लागेल इतकं खाली हवं.

पडल्याचं ओळखणाऱ्या घड्याळावरही सगळा भार टाकू नका. जोरात आपटल्याचा धक्का त्याला कळतो, पण पलंगाच्या कडेवरून हळूहळू घसरलेला माणूस सुटू शकतो. अॅपल वॉचमध्ये ही सोय सिरीज ४ पासून आहे आणि सेटअपमध्ये वय ५५ किंवा जास्त असेल तर ती आपोआप चालू होते. मुलाने स्वतःची जन्मतारीख टाकून सेटअप केला असेल तर ती हाताने चालू करा.

महिन्यातून एकदा दोघांकडूनही बटण दाबून घ्या, शेजाऱ्यांना आधी सांगून. चुकून वाजलं तर रागावू नका. एकदा ओरडा बसला की "उगाच कुणाला त्रास नको" म्हणून ते बटण कपाटात जातं.