क्रोशाची लेस व्हिडिओ कॉलवर शिकवताना

एका वेळी चारच जणी घ्या. झूमच्या फुकट खात्यावर 40 मिनिटांनी कॉल तुटतो, पण एका धड्याला तेवढे पुरतात. लॅपटॉपवर तुमचा चेहरा, मोबाइलवर हात. मोबाइलचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद ठेवा, नाहीतर शिट्टी घुमते. झाली तयारी.

खरी मेख कॅमेऱ्यात आहे. 'फोन समोर उभा करा आणि त्याच्यापुढे हात धरा' असं सांगणाऱ्यांनी कधी कुणाला खांब, म्हणजे क्रोशाचा उंच टाका, घालायला शिकवलेलं नसतं. मीही सुरुवातीचे दोन महिने तसंच शिकवलं. माझा उजवा हात बघणारीच्या डावीकडे, आणि विणीची मागची बाजू तिच्या तोंडासमोर. एक काकू बिचाऱ्या आठवडाभर डाव्या हाताने सुई धरून बसल्या होत्या. मग कुणीतरी म्हणालं, झूमच्या सेटिंगमधलं मिरर, म्हणजे आरशासारखं उलटं चित्र, बंद करा. त्याने फक्त आपल्याला दिसणारं चित्र बदलतं, समोरच्याच्या पडद्यावर काहीच फरक पडत नाही. त्यात मी आणखी दोन धडे घालवले.

फोन हवा तुमच्या डोळ्यांच्या जागी. म्हणजे हातांच्या वर दीड वीत, मागचा कॅमेरा खाली, आणि तुमच्या पोटाकडची बाजू पडद्यावर खालच्या कडेला. मी धान्याचे दोन सारख्या उंचीचे डबे ठेवते, त्यांवर एक फळी, आणि फळीच्या कडेवरून फोनचा कॅमेऱ्याकडचा भाग पुढे काढते. असा सपाट पडलेल्या फोनला वर-खाली कळत नाही, ऐन टाका घालताना चित्र गरकन फिरतं. म्हणून फोन उभा असतानाच कॉल लावा, चित्र सरळ आहे ना बघा, ऑटो-रोटेट बंद करा आणि मगच फळीवर सपाट ठेवा. हाच क्रम, दुसरा नाही.

पांढरा दोरा काळ्या कापडावर उठून दिसेल हा समज सोडा. काळोख बघून कॅमेरा उजेड वाढवतो आणि दोऱ्याचा नुसता पांढरा गोळा होतो. शिकवायला आकाशी किंवा मोरपंखी लोकर आणि 4 मिमीची सुई घ्या, खाली मातकट चादर. 20 नंबरचा बारीक दोरा आणि 1.25 मिमीची सुई मुलींच्या हातात असू दे, तुमच्या नको.

एखादी डावखुरी असेल तर मात्र तिच्यासाठी दोन मिनिटं फोन समोर उभा करा. तिला ते आरशासारखं दिसतं आणि पटकन जमतं.

काम तपासताना 'जरा कॅमेऱ्याजवळ धर' म्हणू नका, सगळं धूसर दिसतं. टेबलावर सपाट ठेवून काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर मागवा. कड तिरकी जात असेल तर दहांतल्या नऊ वेळा चूक एकच: मागच्या ओळीच्या सुरुवातीच्या तीन साखळ्यांच्या डोक्यावर शेवटचा खांब घालायचा राहिलेला असतो.

परदेशातल्या मुलींना आधीच विचारा, नमुना कुठला आहे? ब्रिटिश नमुन्यातला 'डबल' म्हणजे आपला मुका खांब, खांबापेक्षा बुटका टाका; अमेरिकनमधला 'डबल' म्हणजे खांब. माझ्या एका विद्यार्थिनीचा थालपोश यापायी वाटीएवढा झाला. तिने तो वाटीखालीच ठेवलाय.