पक्ष खरंच बदलला का, हे कसं तपासायचं

‘पक्ष बदलला’ हे विधान जसंच्या तसं तपासताच येत नाही. कोणत्या प्रश्नावर बदलला, पक्षातले कोण बदलले आणि कधी, असे त्याचे तुकडे पाडले की उत्तर हाती लागतं. त्यासाठी चार गोष्टी वेगळ्या ठेवा: पक्षाचं नाव, लेखी भूमिका, सभागृहातलं मतदान आणि मतदार. या चारही गोष्टी एकाच वेळी हलत नाहीत. यावरचे बहुतेक वाद एकीचा पुरावा दुसरीला चिकटवल्यामुळे पेटतात.

सुरुवातीला एकच प्रश्न निवडा. ‘उजवा की डावा’ हा प्रश्न घेऊ नका, तो फार पसरट आहे. आयात शुल्क, जमीनधारणा, नागरी हक्क असं काहीतरी ठोस घ्या. कागदावर निवडणुकांची वर्षं एकाखाली एक लिहा आणि पुढे चार रकाने आखा. किमान सहा-सात निवडणुका हव्यात. त्याहून कमी घेतल्या तर एका निवडणुकीपुरती केलेली तडजोड आणि कायमचं वळण यांत फरक करता येत नाही.

नावाला सर्वांत कमी वजन द्या. डेन्मार्कमध्ये १८७० साली स्थापन झालेल्या ‘वेन्स्ट्रे’ पक्षाच्या नावाचा अर्थच ‘डावे’. तेव्हा त्यांच्यासमोर बड्या जमीनदारांचा उजवा पक्ष होता. पुढे सोशल डेमोक्रॅट वाढले, डावी बाजू त्यांनी व्यापली आणि वेन्स्ट्रे मध्यापासून उजवीकडे गणला जाऊ लागला. नाव आजही तेच आहे. म्हणून रकाना भरताना दरवेळी विचारा: पक्ष सरकला, की शेजारी नवा पक्ष आल्यामुळे त्याची जागा बदलली?

लेखी भूमिका वाचताना शब्दापेक्षा त्यामागचं वचन पाहा. ब्रिटनच्या लेबर पक्षाच्या घटनेतलं १९१८चं कलम ४ उत्पादनाच्या साधनांवर समाजाच्या सामाईक मालकीचं वचन देत होतं, पण त्यात ‘समाजवाद’ हा शब्द नव्हता. १९९५मध्ये ते वचन काढलं गेलं आणि नव्या कलमात पक्ष ‘लोकशाही समाजवादी’ असल्याचं लिहिलं गेलं. वचन गेलं त्याच दिवशी बिरुद आलं! नुसता शब्द शोधणारा इथे नेमका उलटा निष्कर्ष काढेल. भारतात तर हा शब्द पुरावा म्हणून चालतच नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९अ नुसार, १९८९पासून नोंदणी हवी असलेल्या प्रत्येक पक्षाला आपल्या घटनेत समाजवादाशी निष्ठा लिहून द्यावी लागते.

जाहीरनामे मोजायचे तर ‘मॅनिफेस्टो प्रोजेक्ट’ या अनेक देशांतले जाहीरनामे मोजणाऱ्या संशोधन प्रकल्पाची रीत उपयोगी आहे. प्रत्येक वाक्य एकेका म्हणण्यात तोडायचं, प्रत्येक म्हणणं एका विषयात टाकायचं आणि एकूण म्हणण्यांत त्या विषयाचा वाटा टक्क्यांत काढायचा. टक्केवारी हवीच, कारण जाहीरनाम्यांची लांबी वर्षागणिक खूप बदलते. हे काम दोघांनी स्वतंत्रपणे करून मग ताडून पाहावं. फार ठिकाणी मेळ बसला नाही तर विषयांच्या व्याख्या ढिल्या आहेत असं समजा. जे कलम गाजावाजा न होता गळून पडलं, त्यावर खूण करायला विसरू नका. नव्या घोषणेपेक्षा ते पुष्कळदा जास्त सांगून जातं.

सभागृहातलं मतदान हा सर्वांत भक्कम पुरावा, आणि चुकाही इथेच सर्वांत जास्त होतात. अमेरिकेचा नागरी हक्क कायदा फेब्रुवारी १९६४मध्ये प्रतिनिधिगृहात मताला आला. बाजूने डेमोक्रॅट १५२, विरोधात ९६. रिपब्लिकन १३८ विरुद्ध ३४. म्हणजे ६१ टक्के विरुद्ध ८० टक्के. आता हेच आकडे प्रदेशानुसार फोडा. पूर्वी संघराज्यातून फुटलेल्या दक्षिणेच्या ११ राज्यांत (बाजूने–विरोधात) डेमोक्रॅट ७–८७, रिपब्लिकन ०–१०. उरलेल्या देशात डेमोक्रॅट १४५–९, रिपब्लिकन १३८–२४. दोन्ही भागांत डेमोक्रॅटांचा पाठिंबा टक्केवारीने जास्त होता. तरी बेरजेत ते मागे दिसतात, कारण दक्षिणेतले जवळजवळ सगळे खासदार त्यांचेच होते. बदल पक्षरेषेवर नव्हे, प्रदेशरेषेवर चालू होता. त्यामुळे एकूण आकडा लिहिण्याआधी प्रदेशवार फोड कराच.

जिथे व्हिप, म्हणजे मतदानाबाबतचा पक्षादेश, बंधनकारक असतो तिथे हा रकाना लंगडा पडतो. भारतात १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर सभागृहातलं मत बहुधा नेतृत्वाचा आदेश दाखवतं, सदस्याचं मन नाही. अशा ठिकाणी समित्यांच्या अहवालांतल्या असहमतीच्या टिपणी, सुचवलेल्या दुरुस्त्या आणि पक्षाच्या अधिवेशनातले ठराव वाचा.

मतदार कधी पक्षाच्या मागे येतात, कधी पुढे धावतात. अमेरिकेतले बहुसंख्य कृष्णवर्णीय मतदार १९३६मध्येच डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टकडे वळले होते. तेव्हा नागरी हक्कांवर डेमोक्रॅट पक्षाची भूमिका अजून ठरायची होती. त्यांना ओढलं ते मुख्यतः मंदीतल्या मदतयोजनांनी. उलट दक्षिणेतल्या गोऱ्या मतदारांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी १९६४मध्येच दक्षिणेच्या गाभ्यातली पाच राज्यं रिपब्लिकन उमेदवार गोल्डवॉटर यांच्या पदरात टाकली, पण प्रतिनिधिगृहातल्या दक्षिणेच्या जागांत रिपब्लिकनांचं बहुमत व्हायला १९९४ उजाडावं लागलं. राष्ट्रीय आणि स्थानिक निकाल म्हणूनच वेगळ्या ओळींत ठेवा.

शेवटी तारीख. एकच वर्ष लिहू नका. पहिली खूण आणि शेवटची खूण लिहा. वरच्या उदाहरणात ती १९३६ ते १९९४ अशी येते. हा कालखंड फक्त वांशिक समतेच्या प्रश्नाचा आहे, दुसऱ्या प्रश्नाला लावू नका. आयात शुल्कावर तोच रिपब्लिकन पक्ष १९व्या शतकात संरक्षक शुल्काच्या बाजूचा, २०व्या शतकाच्या उत्तरार्धात खुल्या व्यापाराचा आणि २०१८पासून पुन्हा शुल्काकडे वळलेला दिसतो. त्यासाठी नवा कागद घ्या आणि रकाने पहिल्यापासून भरा.