नृत्याकडून दिग्दर्शनाकडे : पुण्यातील नर्तकांसाठी काही व्यावहारिक सूचना

ज्या व्यक्तीने अनेक वर्षे कथक किंवा भरतनाट्यम शिकून स्वतःच्या रचना बसवल्या आहेत आणि वीस-पंचवीस विद्यार्थ्यांचा समूह रंगमंचावर उभा केला आहे, तिला चित्रपट किंवा जाहिरातीच्या दिग्दर्शकाचे जवळजवळ निम्मे काम आधीच येत असते. कोणी कोठे उभे राहावे हे ठरवणे, काळ मोजणे आणि थकलेल्या माणसांकडून तीच गोष्ट पुन्हा न रागावता करून घेणे, ही कामे चित्रीकरणस्थळी रोजचीच असतात. राहिलेल्या निम्म्यात कॅमेरा, संकलन, बोलणारा अभिनेता आणि पैसे देणारा ग्राहक येतो, आणि नर्तक नेमका तेथे अडतो. ही वाट नवी नाही. नर्तक उदय शंकर यांनी १९४८ मध्ये ‘कल्पना’ हा चित्रपट दिग्दर्शित केला होता, तर अलीकडच्या काळात फराह खान, प्रभुदेवा आणि रेमो डिसूझा हे नृत्यदिग्दर्शनातूनच चित्रपट-दिग्दर्शनाकडे आले.

सुरुवात जागेच्या हिशेबापासून करावी. रंगमंच प्रेक्षकांच्या बाजूला रुंद असतो, म्हणून आपण पुढच्या रांगेत पाच जणी सहज उभ्या करतो. कॅमेऱ्यासमोरची जागा याच्या अगदी उलट असते. ती कॅमेऱ्यापाशी निमुळती असते आणि लांब जावे तशी पसरत जाते. वर्गातल्या फरशीवर याचा सराव करता येतो. मोबाइल तिवईवर ठेवावा, एकाने पडद्यात पाहत चौकटीच्या कडा सांगाव्यात, दुसऱ्याने त्या खडूने आखाव्यात आणि मग त्या पाचरीच्या आतच एक छोटी रचना बसवावी. आडव्या रांगा निरुपयोगी ठरतात आणि मागून पुढे येणारी हालचाल प्रभावी होते, हे थोड्याच वेळात लक्षात येते. पाठोपाठ तीच हालचाल रुंद लेन्सने आणि लांब पल्ल्याच्या लेन्सने टिपून पाहावी. रुंद लेन्समध्ये कॅमेऱ्याकडे येणारी व्यक्ती झपाट्याने मोठी होते; लांब लेन्समध्ये ती चालत असूनही जागची हलतच नाही असे वाटते. एवढे समजल्यावर छायालेखकाशी बोलताना आपण केवळ ‘छान दिसू द्या’ असे म्हणत नाही.

मंदगतीचा हिशेबही आधीच समजून घ्यावा. सेकंदाला २४ चौकटींनी दाखवायचे दृश्य ४८ चौकटींनी टिपले की हालचाल निम्म्या वेगाने दिसते. अशा वेळी चित्रीकरणाच्या ठिकाणी गाणे दुप्पट वेगाने वाजवावे लागते, म्हणजे पडद्यावर पावले आणि ओठ मूळ तालाशी जुळतात. दुगुनीचा, म्हणजे दुप्पट लयीचा, रियाज असलेल्या नर्तकाला यात नवल वाटणार नाही, मात्र अभिनेत्याला त्याची तालीम आधी द्यावी लागते.

माझ्या मते कॅमेऱ्यापेक्षाही संकलनाला जास्त वेळ द्यावा, कारण नर्तकाचा तालाचा संस्कार तेथे थेट उपयोगी पडतो. मिनिटाला १२८ मात्रा अशी लय धरली तर ३० सेकंदांच्या जाहिरातीत बरोबर ६४ मात्रा, म्हणजे १६ मात्रांच्या तीनतालाची चार पूर्ण आवर्तने बसतात. उत्पादन दिसणारा शेवटचा शॉट चौथ्या आवर्तनाच्या उत्तरार्धात कोठे सुरू करायचा, हे पढंत करता करताच, म्हणजे बोल तोंडाने म्हणता म्हणताच, ठरवता येते. पुढे ग्राहक त्याच जाहिरातीची २० सेकंदांची आवृत्ती मागतो आणि तेव्हा ४२ मात्रांनंतर एक तुकडा लोंबकळत राहतो. म्हणूनच कोणता शॉट काढला तरी अर्थ टिकेल, हे चित्रीकरणापूर्वीच ठरवून कागदावर लिहून ठेवावे. सुंदर घेतलेली गिरकी कापायला हात धजत नाही, आणि बहुतेक वेळा कापण्याजोगी असते ती गिरकीच.

अभिनेत्यांच्या बाबतीत सवय मोडावी लागते. नृत्यात गुरू करून दाखवतात आणि शिष्य तसेच करतो. अभिनेत्याला करून दाखवले की तो नक्कल करतो आणि प्रसंग मरतो. ‘मान जरा डावीकडे, डोळे खाली’ असे सांगण्याऐवजी ‘आई दार उघडणार नाही हे तुला माहीत आहे, तरी बेल वाजव’ असे सांगून पाहावे. मान आपोआप हवी तिकडे वळते. यासाठी पुण्यात साधने भरपूर आहेत. विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नृत्य, संगीत आणि नाट्य शिकणारे विद्यार्थी एकाच आवारात भेटतात. फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी ज्यांनी महाविद्यालयात नाच, नाट्य आणि संगीत एकत्र बसवले आहे, त्यांचा अर्धा पाया तर तेथेच घातलेला असतो, मग त्या वेळी परीक्षकांनी काहीही म्हटलेले असो.

औपचारिक शिक्षण हवे असेल तर प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० मध्ये सुरू झालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दिग्दर्शन व पटकथालेखनाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तेवढा वेळ शक्य नसेल त्यांनी तेथील अल्पमुदतीचे वर्ग पाहावेत. १९६४ पासून असलेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही याच परिसरात आहे.

कामाचा नमुना म्हणून तीन छोट्या फिती पुरेत, पण त्यांपैकी किमान एकीत नृत्याचा लवलेश नसावा. अन्यथा तुम्हाला कायम गाणी बसवण्यासाठीच बोलावले जाईल. पेठेतल्या एखाद्या चपलांच्या दुकानाची किंवा अमृततुल्यची जाहिरात मालकाच्या संमतीने स्वतःहून करावी आणि ती सरावासाठी केली आहे असे स्पष्ट लिहावे. लोकप्रिय गाणे वापरू नये, कारण हक्कांच्या अडचणीमुळे ती फीत कोठे ठेवताच येत नाही. ओळखीच्या तबलावादकाकडून नवे ध्वनिमुद्रण करून घेतलेले बरे. रस्त्यावरील चित्रीकरणासाठी पोलिसांकडे आणि महापालिकेकडे, तर शनिवारवाड्यासारख्या संरक्षित वास्तूसाठी पुरातत्त्व खात्याकडे परवानगी मागावी लागते, आणि तिला लागणारा वेळ वेळापत्रकात धरावा.

जाहिरातींचे मोठे काम अजूनही मुंबईत चालते, त्यामुळे काही काळ तेथील निर्मितीसंस्थेत सहायक म्हणून राहणे टाळता येत नाही. तेथे क्लॅप देणे आणि शॉटची सलगता नोंदवणे यांपेक्षा महत्त्वाची असते ती चित्रीकरणापूर्वीची बैठक, जिच्यात एजन्सी आणि ग्राहक खिडकीच्या पडद्याच्या रंगापासून चहाच्या कपापर्यंत प्रत्येक गोष्ट मंजूर करतात. तेथे गप्प बसून ऐकावे. दरम्यान पोटापाण्यासाठी नृत्यवर्ग सोडू नयेत, आणि चाकण किंवा हिंजवडीतील कंपन्यांच्या माहितीपटांना कमी लेखू नये. त्यांत बजेट आखायला आणि मुदत पाळायला शिकता येते. असे कोणतेही काम घेताना आगाऊ रक्कम किती, संकलनात बदल किती वेळा करून मिळतील आणि ती फीत स्वतःच्या नमुन्यांत दाखवता येईल का, या तीन बाबी चित्रीकरणाच्या आधी लेखी घ्याव्यात.