घरचा आधार नसताना बारावीनंतरची फी कशी भागवायची

महाराष्ट्रातल्या बहुतेक शिष्यवृत्त्या ‘कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न’ विचारतात. आईवडील नाहीत, किंवा असून खर्च करत नाहीत, अशा विद्यार्थ्याचं घोडं तिथेच अडतं. म्हणून योजना शोधण्याआधी आपली परिस्थिती कागदावर आणा, तीही बारावीच्या निकालाआधी. निकालानंतर सेतू केंद्रात झुंबड असते आणि प्रवेशाच्या तारखा कोणासाठी थांबत नाहीत.

तुम्ही अठराचे होण्याआधी आई आणि वडील दोघंही वारले असतील तर अनाथ प्रमाणपत्र काढा. संस्थेत वाढलात की मामा-काकांकडे, दोन्ही चालतं. दोघांचे मृत्यू दाखले आणि शाळेचा दाखला घेऊन जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात अर्ज करा. चौकशीला वेळ लागतो, त्यामुळे हे काम सगळ्यात आधी. या कागदावर शिक्षणात १ टक्का आरक्षण मिळतं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्काची सवलत अनाथ मुलगे आणि मुली दोघांनाही लागू केली आहे. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने मान्य केलेल्या डिप्लोमा किंवा पदवीसाठी ‘स्वनाथ’ शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ५०,००० रुपये. अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. तिच्यासोबत दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेता येत नाही, तेव्हा कशात जास्त फायदा आहे ते आधी मांडून बघा.

दोघांपैकी एकच पालक गेला असेल तर अनाथ प्रमाणपत्र मिळत नाही. हयात पालकाच्या उत्पन्नाचा दाखला काढा. घटस्फोट झाला असेल तर न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रत जोडा.

सर्वांत अवघड स्थिती आईवडील हयात असून संबंध तुटलेल्यांची. फॉर्ममध्ये उत्पन्न त्यांचंच धरतात. तिथे शून्य लिहू नका, स्वतःला अनाथ म्हणवू नका. छाननीत खोटं उघड झालं तर मिळालेली रक्कमही परत करावी लागू शकते. रेशनकार्डावर तुमचं नाव असेल तर त्याची प्रत घेऊन तलाठ्याला थेट भेटा आणि परिस्थिती सांगा. उत्पन्नाचा दाखला तहसीलदार देतात, पण तलाठ्याच्या अहवालावर.

आता महाडीबीटी, म्हणजे शिष्यवृत्त्यांच्या अर्जांचं राज्य सरकारचं पोर्टल. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा ८ लाख आहे. मात्र प्रवेश कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेरीतूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की ही वाट बंद. त्यामुळे हवं ते कॉलेज मिळवण्याच्या घाईत कोट्याची जागा घेऊ नका. प्रोफाइलमध्ये ‘वडील हयात आहेत का’ या प्रश्नाचं उत्तर आणि जोडलेला दाखला जुळलाच पाहिजे. अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो. त्रुटी निघाली की तो परत येतो, आणि विद्यार्थ्याने पोर्टल उघडून पाहिलंच नाही तर तसाच पडून राहतो. आठवड्यातून एकदा स्थिती तपासा.

पैसे अडकण्याचं नेहमीचं कारण बँकेत असतं. खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि ते खातं डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी, एनपीसीआय या देयक व्यवहार चालवणाऱ्या संस्थेकडे नोंदलेलं असणं (सीडिंग) वेगळं. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहा. तिथे जी बँक दिसेल तिच्याच खात्यात पैसे पडतात. ते पालकांसोबतचं जुनं संयुक्त खातं निघालं तर स्वतःच्या नावाचं नवं खातं उघडा आणि सीडिंगचा फॉर्म वेगळा भरून द्या. नुसतं केवायसी पुरत नाही.

राहण्या-जेवणाचा खर्च फीइतकाच भारी पडतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृह मिळालं नाही तर स्वाधार योजनेतून मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी ‘स्वयम्’, ओबीसींसाठी ‘ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार’ योजना. पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ पासून गरजू मुलामुलींची राहण्याची सोय करते. विद्यापीठाची ‘कमवा आणि शिका’ योजना तुमच्या कॉलेजात आहे का, ते विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना विचारा. आईवडिलांशी संबंध तुटलेल्यांना हीच मदत लवकर हाती येते.

कर्ज शेवटी. निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळाला असेल तर पीएम विद्यालक्ष्मी योजनेत तारण आणि जामीनदार लागत नाही. सहकर्जदार म्हणून पालकांची सही मागणार का, हे शाखेत अर्जाआधीच विचारा.

प्रवेशाच्या खिडकीवर पूर्ण फी मागितली तर तोंडी विनवणी करत बसू नका. प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहा, त्यात महाडीबीटीचा अर्ज क्रमांक द्या, हप्ते मागा, आणि आपल्या प्रतीवर आवक-जावकचा शिक्का घ्या.